लॉकचे कुंपण आणि कुंपणाबाहेरची माणसे

इ. स. १७०४ च्या सप्टेंबर महिन्यात, इंग्लंडच्या इसेक्स परगण्यातील ओट्स नावाच्या वाड्यात, ७२ वर्षांचा एक अविवाहित वृद्ध आपल्या मृत्युपत्राला पुरवणी जोडीत होता. दम्याने तो जर्जर झाला होता आणि आपले फार दिवस उरले नाहीत, हे त्याला उमगले होते. ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयाला आपली पुस्तके देताना त्याने या पुरवणीत एक कबुली दिली. आजवर निनावी प्रसिद्ध झालेली काही पुस्तके आपणच लिहिली आहेत, ही ती कबुली. त्यांत धार्मिक सहिष्णुतेविषयीची पत्रे होती आणि ‘शासनसंस्थेविषयी दोन प्रबंध’ हा ग्रंथही होता. ग्रंथ प्रसिद्ध होऊन १५ वर्षे लोटली होती. लेखक कोण याविषयी विद्वानांच्या वर्तुळात कुजबुज होतीच. पण त्याने स्वतः कधी होकार दिला नव्हता. सहिष्णुतेच्या पत्राचे कर्तृत्व लिम्बोर्क या डच मित्राने दुसऱ्या स्नेह्यांपाशी उघड केले, तेव्हा या एरवी सौम्य गृहस्थाने त्याला खरमरीत पत्र लिहिले होते. पुरवणी लिहून झाल्यावर सहा आठवड्यांनी, २८ ऑक्टोबर रोजी, जॉन लॉकचा मृत्यू झाला.

उदारमतवादी राज्यशास्त्राचा आद्य आचार्य म्हणून ज्याचे नाव महाविद्यालयांच्या वर्गांतून घेतले जाते, त्या माणसाला आपले नाव एवढे का लपवावे लागले? भित्रेपणा म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. ज्या काळात माणसाचे हस्तलिखितच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे केले जाई, त्या काळात लॉक जगला.

२९ ऑगस्ट १६३२ रोजी सॉमरसेट परगण्यातील रिंग्टन या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील गावपातळीवरचे वकील आणि स्थानिक न्यायाधीशांचे कारकून. राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात ते संसदेच्या घोडदळात कॅप्टन झाले. त्यांच्या पलटणीचा नायक अलेक्झांडर पॉपम पुढे वजनदार राजकारणी ठरला आणि त्याच्या शिफारशीने १६४७ साली कारकुनाच्या मुलाला वेस्टमिन्स्टरच्या नामांकित शाळेत प्रवेश मिळाला. ३० जानेवारी १६४९ रोजी शाळेपासून हाकेच्या अंतरावर राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. शाळेचे मुख्याध्यापक बझ्बी हे कट्टर राजनिष्ठ. त्या दिवशी त्यांनी मुलांकडून राजासाठी प्रार्थना म्हणवून घेतली. वडील संसदेचे, गुरू राजाचे आणि दोघांच्या मध्ये सोळा वर्षांचा मुलगा! ठाम मत उच्चारण्यापूर्वी चारही दिशांना पाहून घेण्याची लॉकची सवय बहुधा तिथलीच असावी.

एक गोष्ट त्याच्या चाहत्यांना फारशी रुचत नाही. तरुणपणीचा लॉक उदारमतवादी नव्हता. १६६० साली राजसत्तेची पुनःस्थापना झाली तेव्हा त्याने तिचे स्वागत केले आणि उपासनेच्या बाह्य विधींबाबत राज्यकर्त्याने सक्ती केली तर ती प्रजेने मानली पाहिजे, असे प्रतिपादन करणारे दोन निबंध लिहिले. ते त्याच्या हयातीत छापले गेले नाहीत. १६६५ च्या अखेरीस एका राजकीय शिष्टमंडळाचा चिटणीस म्हणून तो जर्मनीतील क्लीव्ह या शहरी गेला. तिथे कॅल्व्हिनपंथी, ल्यूथरपंथी आणि कॅथलिक एकाच गावात आपापल्या मार्गाने उपासना करतात आणि तरीही एकमेकांची डोकी फोडत नाहीत, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पोथ्यांनी जे केले नाही, ते या प्रवासाने केले.

दुसरा योगायोग वैद्यकीय होता. ऑक्सफर्डमध्ये लॉक वैद्यकाचा अभ्यास करीत असे. १६६६ साली लॉर्ड ॲशली या दरबारी मुत्सद्द्याशी त्याची ओळख झाली आणि पुढच्या वर्षी तो लंडनला त्याच्या घरी राहायला गेला. १६६८ मध्ये ॲशलीच्या यकृतावर जीवघेणे गळू झाले. लॉकच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया झाली, पू वाहून जावा म्हणून आत एक नळी बसविण्यात आली आणि त्या काळी जवळजवळ अशक्य वाटणारी गोष्ट घडली, रोगी वाचला. हाच रोगी पुढे शाफ्ट्सबरीचा अर्ल, इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर आणि त्यानंतर राजाच्या विरोधकांचा म्होरक्या झाला. लॉकचे नशीब त्याच्या गाडीला जुंपले गेले ते असे.

राजाचा भाऊ जेम्स कॅथलिक होता. त्याला गादीवरून वगळावे म्हणून १६७९ ते १६८१ या काळात शाफ्ट्सबरीच्या पक्षाने संसदेत झुंज दिली आणि ती हरली. शाफ्ट्सबरी हॉलंडला पळाला आणि १६८३ च्या जानेवारीत तिथेच मरण पावला. त्याच वर्षी राजाच्या हत्येचा कट उघडकीस आल्याचे जाहीर झाले. ॲल्जर्नन सिडनी या प्रजासत्ताकवाद्यावर राजद्रोहाचा खटला चालला. कायद्याने दोन साक्षीदार हवे होते आणि सरकारपाशी एकच होता. तेव्हा सिडनीच्या मेजावर सापडलेले, कधीही न छापलेले हस्तलिखित दुसरा साक्षीदार म्हणून पुढे करण्यात आले. डिसेंबरमध्ये सिडनीचे मस्तक उडाले. लॉक सप्टेंबरमध्येच हॉलंडला निसटला होता. पुढच्या वर्षी राजाज्ञेने त्याची ऑक्सफर्डमधील जागा काढून घेण्यात आली. १६८५ साली इंग्लंडने हॉलंडकडे मागितलेल्या फरारींच्या यादीत त्याचे नाव होते, आणि ॲम्स्टरडॅममध्ये काही काळ तो डॉक्टर व्हान डर लिंडेन या खोट्या नावाने लपून राहिला.

‘दोन प्रबंध’ हा ग्रंथ १६८८ च्या राज्यक्रांतीचे समर्थन करण्यासाठी तिच्यानंतर लिहिला गेला, असे पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ शिकविले जात असे. केंब्रिजचे संशोधक पीटर लॅस्लेट यांनी १९६० साली हा समज मोडीत काढला. ग्रंथाचा मोठा भाग क्रांतीच्या कितीतरी आधी, शाफ्ट्सबरीच्या लढ्याच्या दिवसांत लिहिला गेला होता. म्हणजे जिंकलेल्या बाजूची ती प्रशस्ती नव्हे. हरत चाललेल्या बाजूने जोखीम पत्करून केलेला तो युक्तिवाद होता. ते कागद सापडले असते, तर सिडनीच्या शेजारी आणखी एक मस्तक पडले असते.

‘स्वत्व’ या शब्दाचा व्याप

युक्तिवाद कोणाशी होता, हे पाहणे आवश्यक आहे. सर रॉबर्ट फिल्मर या राजनिष्ठ लेखकाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० साली छापला गेला होता. परमेश्वराने सारी पृथ्वी आदमला दिली, आदमची सत्ता वारशाने राजांकडे आली, म्हणून राजा हा प्रजेचा जन्मसिद्ध पिता, असे त्याचे मत. लॉकने पहिल्या प्रबंधात या मताची चिरफाड केली आहे. तो भाग आज फार थोडे लोक वाचतात. दुसऱ्या प्रबंधात त्याने स्वतःचे मत उभारले. माणसे निसर्गतः स्वतंत्र आणि समान आहेत. आपल्या हक्कांचे रक्षण नीट व्हावे म्हणून ती संमतीने राज्य स्थापतात. राज्यकर्त्याच्या हाती सत्ता असते ती विश्वस्ताच्या नात्याने. विश्वस्ताने अफरातफर केली, तर विश्वास टाकणाऱ्यांना ती सत्ता परत घेता येते. गांधीजींमुळे विश्वस्त हा शब्द आपल्याकडे धनिकाला चिकटला आहे. लॉकचा विश्वस्त म्हणजे सरकार.

राज्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाला लॉकचे उत्तर एका शब्दाचे आहे, आणि त्या शब्दाने पुढे बराच घोटाळा केला. त्या इंग्रजी शब्दाचे मराठीत ‘मालमत्ता’ असे भाषांतर केले, की लॉक घरमालकांचा वकील वाटू लागतो. पण जीवित, स्वातंत्र्य आणि वित्त या तिहींना मिळून आपण हा शब्द वापरतो, असे त्याने स्वतःच स्पष्ट केले आहे. मराठीत त्याला ‘स्वत्व’ हा शब्द अधिक जवळचा. जे माझे स्वतःचे आहे, जे माझ्या संमतीवाचून कोणी हिरावून घेऊ नये, ते स्वत्व. माझा देह माझा, म्हणून त्या देहाचे श्रम माझे. आणि श्रम ज्या वस्तूत मिसळले ती वस्तूही माझी.

ही मांडणी आज इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यातील धाडस जाणवत नाही. फिल्मरच्या जगात मालकी राजाच्या कृपेने खाली येत असे. लॉकने ती खालून, हातांतून वर आणली. रानात ओकच्या झाडाखाली पडलेली फळे ज्याने वेचली त्याची ती झाली; त्यासाठी साऱ्या मानवजातीची परवानगी घ्यायची म्हटले तर माणूस उपाशी मरेल. जमिनीचेही तसेच. जितकी जमीन नांगरून, पेरून, पिकवून माणूस वापरू शकतो, तितकीभोवती त्याने कुंपण घालावे. मात्र या हक्काला त्याने दोन मर्यादा घातल्या. इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, ही एक. आणि घेतलेले वापरावाचून नासता कामा नये, ही दुसरी. जो नासवतो तो शेजाऱ्याच्या वाट्याचे घेतो.

प्रबंध इथेच संपला असता, तर लॉकला समाजवाद्यांनीही डोक्यावर घेतले असते. परंतु पुढच्या काही परिच्छेदांत तो पैशाकडे वळतो. फळे कुजतात, धान्याला कीड लागते. सोने-चांदी मात्र नासत नाही. माणसांनी परस्परसंमतीने या धातूंना मोल दिले. तेव्हा जास्तीचे धान्य देऊन चांदी घ्यावी आणि ती हवी तितकी साठवावी; काहीच नासत नाही, म्हणजे मर्यादा मोडत नाही. ज्या अर्थी पैशाच्या वापराला संमती, त्या अर्थी विषम वाटणीलाही संमती. दुसऱ्या मर्यादेची अशी सोय लागली. पहिलीची सोय त्याने उत्पादकतेच्या आधारे लावली. कुंपण घातलेली, मशागत केलेली जमीन पडीक जमिनीच्या दसपट, किंबहुना शंभरपट पिकवते, म्हणून जो कुंपण घालतो तो इतरांचे काढून घेत नाही, उलट मानवजातीच्या साठ्यात भर घालतो. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या एखाद्या मोठ्या मुलखाच्या राजापेक्षा इंग्लंडमधील रोजंदार मजूर अधिक चांगले खातो, लेतो आणि राहतो, असे त्याचे उदाहरण आहे.

समृद्धी वरून खाली झिरपते, या पुढे अर्थशास्त्रात फार वापरल्या गेलेल्या युक्तिवादाचे हे मूळ रूप होय. उत्पन्न वाढते, इतकेच त्यातून सिद्ध होते. वाढलेले कोणाच्या घरी गेले, हे सिद्ध होत नाही. आणि लॉकला हे माहीत नव्हते असेही म्हणता येत नाही. व्याजदरावरील त्याच्या पुस्तिकेत, मजुराच्या वाट्याला पोटापुरतेच येते आणि त्यापलीकडे मान वर करून विचार करायला त्याला उसंत मिळत नाही, अशा आशयाचे निरीक्षण त्यानेच नोंदविले आहे. दुसऱ्या प्रबंधात तर तो सहज सांगून जातो, की माझ्या नोकराने कापलेले गवताचे ढेकूळ माझे. नोकराचे श्रम नोकराचे स्वत्व होते. ते मालकाचे कधी झाले? मजुरी देऊन विकत घेतले तेव्हा, हे उत्तर. कॅनडातील विचारवंत सी. बी. मॅक्फर्सन यांनी १९६२ साली या एका दुव्यावर बोट ठेवून लॉकला भांडवलदारी व्यक्तिवादाचा प्रवक्ता ठरविले. जेम्स टली यांनी १९८० मध्ये त्याला उत्तर देताना लॉकच्या मर्यादा पुन्हा पुढे आणल्या. वाद मिटलेला नाही आणि मिटण्याचे कारणही नाही, कारण दोन्ही गोष्टी पुस्तकात आहेत. किंबहुना तिसरीही आहे. न वाचल्या जाणाऱ्या त्या पहिल्या प्रबंधात लॉक म्हणतो, की ज्याच्यापाशी जगण्याचे दुसरे साधनच नाही, अशा माणसाचा श्रीमंताच्या जास्तीच्या संपत्तीवर हक्क आहे. शब्द ‘दया’ नव्हे, हक्क. कुंपणाला ठेवलेले हे फाटक पुढच्या पिढ्यांना दिसले नाही.

चांदीचा हट्ट

लॉकच्या तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा एका रुक्ष प्रश्नावर झाली. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत तिला सहसा दोन ओळीही मिळत नाहीत. १६९५ च्या सुमारास इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यांची दुर्दशा झाली होती. जुनी, हातोड्याने ठोकून पाडलेली नाणी लोक कडेने कातरत आणि ती चांदी वितळवून विकत. सरासरीने नाण्यात निम्मीच चांदी उरली होती. १६६२ पासून यंत्रावर पाडलेली, कडा सुरक्षित असलेली चांगली नाणी निघत होती. पण ती हाती येताच लोक दडवत, आटवत किंवा परदेशी पाठवीत. युरोपची चांदी पूर्वेकडे, हिंदुस्थानच्या व्यापारातही, सतत वाहत होतीच. खोट्या नाण्याने खऱ्याला बाजारातून हुसकावे, हा ग्रेशमचा नियम शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. सोन्याच्या गिनीचा भाव ३० शिलिंगांवर गेला.

तिजोरीखात्याचे चिटणीस विल्यम लाउंड्स यांनी व्यवहारी तोड सुचविली: नवी नाणी पाडायचीच आहेत तर प्रत्येक नाण्यातील चांदी एक पंचमांशाने कमी करावी, म्हणजे देशातील पैशाचे एकूण प्रमाण फारसे घटणार नाही. आजच्या भाषेत अवमूल्यन. आयझॅक न्यूटनचे मतही काहीसे याच बाजूचे होते. लॉकने त्याला कडाडून विरोध केला. चांदी हेच मोल आणि चांदी हेच माप. शिलिंग म्हणजे चांदीच्या अमुक वजनाचे नाव. नाव तेच ठेवून वजन कमी करणे म्हणजे प्रत्येक सावकाराचे, प्रत्येक जमीनमालकाचे देणे सरकारने कायद्याने बुडविणे. फुटाचे पंधरा इंच केले म्हणून कापड लांब होत नाही, अशा धाटणीचा हा युक्तिवाद. त्याच्यामागे लॉकची प्रतिष्ठा उभी राहिली आणि संसदेने जुन्या प्रमाणानेच नवी नाणी पाडण्याचे ठरविले.

परिणाम कठोर झाले. कातरलेली नाणी दर्शनी किमतीने कर भरण्यासाठी ४ मे १६९६ पर्यंत स्वीकारली जाणार होती. ज्यांना मोठे कर भरायचे होते, त्यांनी आपली खराब नाणी सरकारच्या गळ्यात मारली. ज्याच्यापाशी आठवड्याची मजुरी तेवढी होती आणि भरायला कर नव्हता, त्याच्या हाती निम्म्या वजनाची चकती राहिली. टांकसाळीतून नवी नाणी वेगाने निघेनात. व्यवहार ठप्प झाले, काही ठिकाणी दंगे झाले. दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडला रोख देणे थांबवावे लागले. या बँकेत लॉकने स्वतः ५०० पौंड गुंतविले होते. सरकारला या उद्योगाचा भुर्दंड सुमारे २७ लक्ष पौंड पडला आणि तो भरून काढण्यासाठी घरांच्या खिडक्यांवर कर बसला. एवढे करून चांदी देशात राहिली नाही. बाजारात तिला टांकसाळीपेक्षा जास्त भाव होता, म्हणून नवी नाणीही वितळून बाहेर गेली. १७१७ साली गिनीचा दर २१ शिलिंग ठरला तोवर इंग्लंड, कोणी ठरविल्यावाचून, सुवर्णचलनाकडे सरकले होते.

इथे लॉकचा अंतर्विरोध उघड होतो. प्रबंधात त्याने पैशाचे मोल हे माणसांच्या संमतीचे अपत्य मानले होते. नाण्यांच्या वादात तेच मोल त्याला जणू निसर्गाने कोरलेले दिसू लागले. त्याचा बचाव असा करता येईल, की ती संमती साऱ्या मानवजातीची होती, एका संसदेला ती बदलण्याचा अधिकार नव्हता. बचाव तर्कशुद्ध आहे. परंतु ऋणको आणि धनको यांच्यात निवड करायची वेळ आली, तेव्हा स्वत्वाच्या या तत्त्वज्ञाने धनकोचे स्वत्व आधी पाहिले, ही वस्तुस्थिती त्याने झाकली जात नाही.

कुंपणाबाहेर

त्याहून अवघड हिशेब पुढे आहे. शाफ्ट्सबरीच्या सेवेत असताना लॉक अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीच्या मालकमंडळाचा चिटणीस होता. १६६९ साली तयार झालेल्या त्या वसाहतीच्या घटनेच्या लेखनात त्याचा हात होता. कितपत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामांवर पूर्ण सत्ता राहील, असे तिचे एक कलम होते. १६७२ पासून तीन वर्षे त्याने रॉयल आफ्रिकन कंपनीचे भाग बाळगले. ही कंपनी माणसे विकण्याचा धंदा करीत होती. गुलामगिरी ही इतकी नीच अवस्था आहे की कोणा इंग्रज सद्गृहस्थाने तिची तरफदारी करावी हे कल्पनेपलीकडचे, अशा भावनेने ज्याच्या प्रबंधाची सुरुवात होते, तो हाच लेखक! न्याय्य युद्धातील कैद्याला गुलाम करता येते, अशी पळवाट त्याने सिद्धांतात ठेवली आहे खरी. पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात कोंबलेल्या बायकामुलांना ती लागू पडते, असे म्हणण्याचे धाडस त्याच्या टीकाकारांनाच काय, वकिलांनाही होणार नाही.

१६९६ ते १७०० या काळात लॉक व्यापार मंडळाचा सदस्य होता, वार्षिक १००० पौंड वेतनावर. १६९७ साली त्याने गरिबांच्या प्रश्नावर मंडळासाठी अहवाल लिहिला. दारिद्र्य वाढले ते धान्य महागले म्हणून किंवा काम नाही म्हणून नव्हे. शिस्त ढिली झाली आणि चालचलन बिघडले म्हणून, हे त्याचे निदान. परवान्यावाचून भीक मागणाऱ्या धडधाकट पुरुषांना सक्तमजुरी आणि मग आरमारात भरती. खोटा परवाना करणाऱ्याचे कान कापावेत. गरिबांच्या तीन वर्षांवरील मुलांना कामाच्या शाळांत घालून लोकर कातायला लावावे, भाकरी द्यावी, आणि थंडीच्या दिवसांत जमल्यास थोडी गरम पेजही. अहवाल स्वीकारला गेला नाही. मात्र त्याच अहवालात असेही म्हटले आहे, की मदतीअभावी एखादा माणूस मेला तर त्या गावाला दंड करावा. पहिल्या प्रबंधातील ते फाटक इथे, चाबकाच्या शेजारी, किंचित किलकिले झालेले दिसते.

सहिष्णुतेलाही कुंपण होतेच. श्रद्धा सक्तीने निर्माण होत नाही, म्हणून ती राज्याच्या कक्षेत येत नाही, हा त्याचा युक्तिवाद आजही अजोड आहे. पण परकीय सत्तेला निष्ठा वाहणाऱ्यांना त्याने वगळले (रोख कॅथलिकांवर होता), आणि ईश्वर न मानणाऱ्यांनाही. ज्याला देवाचे भय नाही त्याच्या शपथेचा भरवसा काय, म्हणून. गोपाळ गणेश आगरकरांना लॉकच्या राज्यात जागा मिळाली नसती.

आगरकरांच्या पिढीने वाचले ते मिल आणि स्पेन्सर. लॉक महाराष्ट्रात आला तो आडवाटेने. जोतीराव फुल्यांच्या हाती टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक पडले, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण करताना त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांचे स्मरण केले. निसर्गसिद्ध हक्कांची परंपरा लॉकने जिथे थांबविली होती, त्याच्या पलीकडच्या माणसांकडून ती इथे पोचली, हे एका परीने बरेच झाले.

अमेरिकेत मात्र तो थेट पोचला. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जेफर्सनने जीवित आणि स्वातंत्र्य यांच्यापुढे वित्ताऐवजी सुखाचा शोध लिहिला. पण १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीत वित्त पुन्हा आपल्या जागी येऊन बसले. भारताच्या घटनाकारांनी हे त्रिकूट फोडले. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य २१ व्या कलमात. मालमत्ता १९ व्या कलमाच्या एका उपकलमात आणि ३१ व्या कलमात. बिहारचा जमीनदारी-निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने रद्द ठरविला, तेव्हा १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली. त्यानंतरची पाव शतकाची रस्सीखेच, १९६७ चा गोलकनाथ खटला आणि १९७३ चा केशवानंद भारती खटला, या सर्वांच्या मुळाशी जमीन होती. अखेर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, २० जून १९७९ पासून, मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला आणि ३०० अ हे साधे घटनात्मक कलम उरले. लॉकला निरोप दिला, असे तेव्हा अनेकांना वाटले.

निरोप पुरता झाला नाही. १९७१ साली बिहारच्या शिक्षण खात्यातील एका निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे, असा निर्णय दिला होता. मूलभूत हक्क गेल्यावर हा आधार सुटेल अशी धास्ती होती; परंतु २०१३ मध्ये न्यायालयाने तेच तत्त्व ३०० अ कलमाखाली पुन्हा उचलून धरले. आयुष्यभर फळ्यापुढे किंवा फाइलींपुढे उभे राहून केलेले श्रम निवृत्तीनंतरही श्रमणाऱ्याचेच राहतात, याला लॉकचा सिद्धांत नव्हे तर काय म्हणावे? २०२० साली हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर वृद्ध विधवेचा खटला त्याच न्यायालयात निकाली निघाला. १९६७-६८ साली रस्त्यासाठी सरकारने तिची जमीन भूसंपादनावाचून, मोबदल्यावाचून घेतली होती. इतकी वर्षे ताबा आहे म्हणून जमीन आता आमचीच झाली, असे राज्य सरकारचे म्हणणे होते. ते न्यायालयाने झिडकारले. जमीनदारांच्या वकिलांनी पंचवीस वर्षे जे कलम लढविले, त्याचा उरलासुरला तुकडा अशा माणसांच्या कामी येतो आहे.

‘दोन प्रबंधां’च्या हयातीतल्या तिन्ही आवृत्त्या लॉकला मुद्रणदोषांनी भरलेल्या वाटल्या. त्याने एका छापील प्रतीवर दुरुस्त्या करविल्या. ती प्रत केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये आहे आणि लॅस्लेट यांनी आपली आवृत्ती तिच्यावरूनच सिद्ध केली. मालमत्तेच्या प्रकरणात, जमिनीची मशागत आणि पीक यांच्या हिशेबाशेजारी, या प्रतीत एक नवी भर आहे. मुलखाच्या विस्तारापेक्षा माणसांची संख्या अधिक मोलाची आहे, आणि जमिनीचा योग्य विनियोग करून प्रामाणिक उद्योगाला कायद्याचे संरक्षण देणे ही राज्यकर्त्याची मोठी कला होय, असा तिचा आशय आहे. लॉकच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १७१३ सालच्या आवृत्तीत, ती भर प्रथम छापली गेली.